उत्तेजके आणि खेळाडूमागचे हात

फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा तेथील चाचणी-प्रयोगशाळेच्या एका भिंतीला एक छोटे भोक पाडलेले होते आणि दिवसा ते कपाटाआड झाकलेले असे. रात्री रशियन खेळाडूंच्या मूत्राच्या सीलबंद बाटल्या त्या भोकातून पलीकडच्या खोलीत सरकवल्या जात. तेथून एफएसबी या गुप्तचर संस्थेची माणसे त्या शेजारच्या इमारतीत नेत आणि उजाडण्यापूर्वी उघडलेल्या अवस्थेत परत आणून देत. मग आतला नमुना ओतून देऊन त्याच खेळाडूचे काही महिन्यांपूर्वी, म्हणजे तो औषधांपासून दूर असताना, घेतलेले आणि गोठवून ठेवलेले मूत्र त्या बाटलीत भरले जाई. मूळ नोंदीतील घनतेशी मेळ बसावा म्हणून त्यात मीठही घातले जाई. स्विस बनावटीच्या त्या बाटल्यांचे झाकण एकदा बसले की मोडल्याशिवाय निघत नाही, असे तोवर सगळे जग धरून चालले होते.

हा तपशील बाहेर आला तो त्या प्रयोगशाळेचे प्रमुख ग्रिगोरी रॉडचेन्कोव्ह यांनी अमेरिकेत जाऊन मे २०१६ मध्ये तोंड उघडले म्हणून. तीन स्टेरॉइडांचे मिश्रण मद्यात विरघळवून ते खेळाडूंना देण्याची पद्धत त्यांनी स्वतःच बसवली होती. पुरुषांसाठी व्हिस्की आणि स्त्रियांसाठी व्हर्मूथ, इतका बारीक विचार त्यात केलेला होता. पुढे कॅनडाचे कायदेतज्ज्ञ रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या चौकशीत झाकणांच्या आतल्या बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली ओरखडे आढळले, काही नमुन्यांत मानवी शरीरात असूच शकत नाही इतके मीठ सापडले, आणि २०११ ते २०१५ या काळात ३० हून अधिक खेळांतील १००० हून अधिक रशियन खेळाडूंना या व्यवस्थेचा लाभ झाल्याचा निष्कर्ष निघाला. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाला अवघी ३ सुवर्णपदके मिळाली होती आणि पुढचे ऑलिंपिक त्यांच्याच घरी व्हायचे होते, एवढे लक्षात घेतले की हा खटाटोप कोणाला हवा होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तेजकांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात नेहमी खेळाडूच आरोपी असतो. अमुक धावपटू दोषी आढळली, तमुक मल्लावर चार वर्षांची बंदी आली, एवढ्यावर बातमी संपते. मी गेली बरीच वर्षे शालेय आणि जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धांत पंच म्हणून काम करतो, आणि या विषयाचा जितका मागोवा घेतला तितके माझे हे मत पक्के होत गेले की चाचणीच्या बाटलीवर खेळाडूचा क्रमांक असला, तरी ती बाटली भरण्यापर्यंतच्या वाटेवर इतर अनेक हात असतात, आणि प्रतिबंधाचे कोणतेही उपाय त्या हातांपर्यंत पोहोचल्याखेरीज फळणार नाहीत.

नियमाची बाजू आधी सांगतो, कारण ती समजून न घेता केलेली टीका अन्यायाची ठरेल. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था म्हणजे 'वाडा' १९९९ मध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या वर्षी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या तोंडावर फेस्तिना संघाचा एक मदतनीस बेल्जियम-फ्रान्स सीमेवर गाडीभर औषधांसह पकडला गेला होता आणि त्या प्रकरणाने सगळे हादरले होते. वाडाची संहिता २००४ पासून लागू झाली. तिचा पाया असा की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार; ते कसे आले, कोणी दिले, हेतू काय होता, हे प्रश्न शिक्षा ठरवताना येतात, दोष ठरवताना येत नाहीत. हा नियम कठोर आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली, तर 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून प्रत्येक जण सुटेल. प्रश्न हा आहे की खेळाडूवर इतकी कठोर जबाबदारी टाकणारी व्यवस्था त्याच्या प्रशिक्षकाला, डॉक्टरला आणि संघटनेला तितक्याच कठोरपणे धरते का.

पूर्व जर्मनीच्या इतिहासातून या प्रश्नाचे उत्तर फार कठोरपणे पुढे येते. १९७४ मध्ये तेथील शासनाने 'राज्य योजना विषय १४.२५' या नावाने उत्तेजकांचा गुप्त कार्यक्रम हाती घेतला. येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या हजारो खेळाडूंना दिल्या गेल्या. त्यांतील कित्येक जणी तेरा-चौदा वर्षांच्या मुली होत्या आणि त्यांना त्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके पूर्व जर्मनीने जिंकली. परदेशी स्पर्धेला निघण्यापूर्वी खेळाडूंची चाचणी क्राइशा येथील प्रयोगशाळेत होई, आणि ज्याच्या शरीरात अजून अंश शिल्लक असेल त्याला घरी ठेवले जाई. या प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता होती. म्हणजे चोर पकडण्यासाठी उभारलेली यंत्रणाच चोरी उघड होणार नाही याची काळजी घेत होती. सोचीत चाळीस वर्षांनी झाले ते याहून निराळे नव्हते.

त्या मुलींचे पुढे काय झाले हे वाचताना माझे मन आजही विषण्ण होते. यकृताचे विकार, वंध्यत्व, व्यंग असलेली अपत्ये, आयुष्यभराचे नैराश्य. १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपीय विजेती ठरलेली हायडी क्रीगर पुढे लिंगबदलानंतर आंद्रेआस क्रीगर झाली. आपण कोण आहोत हे स्वतः शोधण्याचा अधिकार त्या संप्रेरकांनी आपल्याकडून हिरावून घेतला, अशी त्यांची व्यथा आहे. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयात माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योप्नर यांच्यावर खटला चालला, तेव्हा क्रीगर साक्षीला उभे राहिले. दोघेही दोषी ठरले, आणि शिक्षा झाली अनुक्रमे २२ आणि १८ महिन्यांची, तीही निलंबित. एकही दिवस कोणी तुरुंगात गेला नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या शरीराची किंमत त्या न्यायालयात इतकीच ठरली, हे लिहिताना मला शब्द आवरावे लागत आहेत.

चाचण्या कितीही वाढवल्या तरी त्यांची मर्यादा इतिहासाने वारंवार दाखवून दिली आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडल्याने त्याचे सुवर्ण गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीच्या अनेक चाचण्यांत तो निर्दोष ठरला होता, आणि कॅनडात चौकशीसाठी नेमलेल्या डबिन आयोगापुढे त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी वर्षानुवर्षे काय चालले होते ते शपथेवर सांगितले तेव्हाच खरे चित्र समोर आले. खेळाडूंना उत्तेजके पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातील बाल्को कंपनीच्या प्रकरणात २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने अमेरिकेच्या उत्तेजक प्रतिबंधक संस्थेकडे वापरलेली सिरिंज पाठवून दिली, त्यातील द्रव्य कोणत्याही चाचणीत दिसत नव्हते, आणि ते ओळखण्यासाठी लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेला नवी पद्धत शोधावी लागली. लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली ती कोणत्या बाटलीमुळे नव्हे. त्याच्याच संघातील ११ माजी सहकाऱ्यांनी दिलेल्या साक्षीने त्याला गाठले. रशियाचे प्रकरणही प्रथम उघड केले ते रशियाच्याच उत्तेजक प्रतिबंधक संस्थेतील कर्मचारी विताली स्तेपानोव्ह आणि त्यांची पत्नी, ८०० मीटरची धावपटू युलिया स्तेपानोव्हा यांनी. विताली वाडाला कित्येक वर्षे कळवत होते, पण तेव्हा वाडाला स्वतः तपास करण्याचे अधिकारच नव्हते, म्हणून अखेर डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरून हे जगापुढे आले, आणि त्या दांपत्याला देश सोडावा लागला.

म्हणून प्रतिबंधाच्या उपायांत मी माहिती देणाऱ्याच्या संरक्षणाला सर्वांत वरचे स्थान देतो. ज्याने आतून पाहिले आहे त्याला बोलता आले पाहिजे आणि बोलल्यावर त्याचे घर, नोकरी आणि खेळ सुरक्षित राहिले पाहिजे. २०१५ च्या संहितेने वाडाला तपासाचे अधिकार दिले, आणि पुढे गुप्तपणे माहिती देण्याची सोयही झाली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु युलिया स्तेपानोव्हाला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तटस्थ खेळाडू म्हणून उतरण्याची परवानगी ऑलिंपिक समितीने नाकारली, हे मी विसरू शकत नाही. तिने स्वतः पूर्वी उत्तेजके घेतली होती, हे कारण देण्यात आले. ते कारण खरे होते. तरीही ज्या देशाचे बिंग तिने फोडले त्याचे शेकडो खेळाडू रिओत उतरले आणि ती घरी राहिली. यातून पुढच्या माणसाने काय धडा घ्यायचा?

शास्त्रीय उपायांना मी कमी लेखत नाही. २००९ पासून वाडाने स्वीकारलेल्या 'जैविक पारपत्रा'त खेळाडूच्या रक्तातील हिमोग्लोबिनसारख्या घटकांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. औषध सापडले नाही तरी त्याचा शरीरावर झालेला परिणाम त्या नोंदींत दिसतो, आणि रक्त भरून घेणाऱ्यांना किंवा रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ टोचून घेणाऱ्यांना पकडण्यात हे साधन फार उपयोगी ठरले आहे. निवडक खेळाडूंना दररोज एक तास आपण कोठे सापडू ते आधी कळवावे लागते, आणि बारा महिन्यांत तीन वेळा चुकले तर तोही नियमभंग ठरतो. नमुने दहा वर्षे जपून ठेवता येतात, त्यामुळे आज न सापडणारे उद्या सापडते.

या उशिरा सापडण्याची किंमत मात्र प्रामाणिक खेळाडू भरतो. आपल्या अंजू बॉबी जॉर्जने २००५ मध्ये मोनाकोच्या जागतिक अंतिम स्पर्धेत लांब उडीत रौप्य मिळवले. रशियाच्या तात्याना कोतोव्हाचा त्याच वर्षीचा नमुना पुन्हा तपासल्यावर ती दोषी ठरली आणि २०१४ मध्ये अंजूचे रौप्य सुवर्ण झाले. नऊ वर्षांनी. अमेरिकेचा गोळाफेकपटू अ‍ॅडम नेल्सन याला अथेन्स २००४ चे सुवर्ण २०१३ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर, खाद्यपदार्थांच्या दुकानांसमोर, एका अधिकाऱ्याच्या हातून मिळाले. राष्ट्रगीत नाही, व्यासपीठ नाही, आणि त्या मधल्या वर्षांत विजेता म्हणून मिळाला असता तो पैसा आणि मानही नाही. उत्तेजके घेणारा स्वतःच्याच जिवाशी खेळतो, दुसऱ्याचे काय जाते, असे म्हणणाऱ्यांना मी ही दोन नावे सांगतो.

आता आपल्या देशाकडे वळतो. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतील २१३ सदोष निघाले. हे प्रमाण ३.८ टक्के होते, आणि मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत ते सर्वाधिक होते. आपल्याहून कितीतरी अधिक चाचण्या करणाऱ्या फ्रान्स आणि जर्मनीत ते एक टक्क्याच्या आत होते. चाचण्या वाढल्या म्हणून दोषी वाढले, हे स्पष्टीकरण आपल्याकडे पुढे केले जाते, पण टक्केवारीला ते लागू पडत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे, म्हणजे 'नाडा'चे, अधिकारी मैदानावर आल्याचे कळताच पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे निघून गेले होते. पंच म्हणून मी त्या रिकाम्या मार्गिकांची कल्पना करतो, तेव्हा त्या मुलांपेक्षा त्यांना तेथवर आणणाऱ्या मोठ्या माणसांचाच विचार मनात येतो, कारण अठरा-वीस वर्षांच्या मुलाला कोणते इंजेक्शन कधी घ्यायचे आणि ते किती दिवसांत शरीरातून निघून जाते हे आपोआप कळत नाही.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धांत ४ बाय ४०० मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या चार भारतीय महिलांपैकी तिघी २०११ मध्ये स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी ठरल्या. परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगच्या पूरक गोळ्यांतून ते शरीरात गेले असे त्यांचे म्हणणे होते. प्रशिक्षकाला पदावरून दूर केले गेले, तो मायदेशी गेला, आणि मुलींवर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी घातली. ज्या शिबिरात हे घडले ते सरकारी खर्चाने चालत होते. तेथे गोळी कोणी आणली, कोणी तपासली, कोणी परवानगी दिली, या साखळीतील एकाही अधिकाऱ्याचे नाव लोकांच्या स्मरणात नाही.

महाराष्ट्राला सर्वांत जवळचे प्रकरण नरसिंग यादवचे. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या लास व्हेगास जागतिक स्पर्धेत कांस्य, त्या बळावर रिओचे स्थान. ऑलिंपिकला महिना उरला असताना त्याच्या नमुन्यांत मेथॅनडायनोन हे स्टेरॉइड सापडले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात ते कोणी तरी मिसळले, असे त्याने सांगितले. नाडाच्या समितीने ते मानले आणि तो रिओला गेला. वाडाने लवादाकडे दाद मागितली, आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली, कारण घातपाताचा पुरावा लवादाला पुरेसा वाटला नाही. खरे काय घडले याचा निवाडा मी करणार नाही. पण देशातल्या सर्वोत्तम मल्लांच्या शिबिरात अन्नपाण्याची साखळी कोणाच्या देखरेखीखाली होती, या प्रश्नाचे नोंदींसह उत्तर देता आले असते, तर निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तो निःशंक लागला असता. तेवढी नोंद ठेवणे हे खेळाडूचे काम नव्हते.

पृथ्वी शॉची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन आढळले, जे आपल्याकडे खोकल्याच्या कित्येक औषधांत असते. त्याने दुकानातून आणलेले औषध घेतले होते; क्रिकेट मंडळाने ते मान्य करून आठ महिन्यांची बंदी घातली. मुंबईसारख्या शहरात, डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असलेल्या क्रिकेटपटूचे असे होते, तर माणदेशातल्या किंवा मेळघाटातल्या मुलीने सर्दी-खोकल्याला गोळी घेताना काय करावे? बंदी घातलेल्या द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते आणि ती इंग्रजीत असते. आजारपणात खरोखर गरज असेल तर उपचारासाठी सूट मागण्याची तरतूद आहे, पण ती आहे हेच मला भेटणाऱ्या बहुतेक क्रीडाशिक्षकांना ठाऊक नसते.

याहून गंभीर गोष्ट औषधांच्या पुरवठ्याची आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन व्यायामशाळांत विकताना पकडल्याच्या बातम्या पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातून गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. हे द्रव्य वाडाच्या यादीत उत्तेजक म्हणून आहे आणि हृदयावर त्याचा ताण जीवघेणा ठरू शकतो. एका स्पर्धेच्या वेळी एका पालकाने मला अगदी सरळपणे विचारले होते, "सर, ते इंजेक्शन दिलं तर पोरगं अर्धा सेकंद कमी करील का?" त्या माणसाच्या मनात काही पाप नव्हते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पदकावर मिळते, आणि कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला त्या अर्ध्या सेकंदात आयुष्याची सोय दिसते. मी त्यांना शरीरावर होणारे परिणाम समजावले, ते ऐकून गेले. पण माझ्याआधी त्यांच्याशी बोलणारे कोणी तरी होते, आणि त्याच्याकडे विकायला माल होता.

यातून मला जे करावेसे वाटते ते असे आहे. ज्या शालेय आणि राज्य स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर नोकरी मिळते, तेथे निदान विजेत्यांची चाचणी व्हावी, कारण सध्या चाचणीचा बडगा वरच्या पातळीवर असतो आणि सवय खालच्या पातळीवर लागते. अल्पवयीन खेळाडू सदोष आढळला तर त्याच्या प्रशिक्षकाची चौकशी आपोआप सुरू व्हावी. वाडाच्या संहितेत ही अपेक्षा आधीपासून आहे, आणि बंदी असलेल्या प्रशिक्षकाबरोबर काम करणे हाही २०१५ पासून नियमभंग आहे. रशियाची स्केटर कामिला वालियेवा २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी अवघी पंधरा वर्षांची होती, तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचे औषध सापडले, आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. तिच्या आसपासच्या प्रौढांपैकी कोणालाही तशी शिक्षा झालेली नाही. हे चित्र आपल्याकडे उभे राहू नये एवढी खबरदारी आपण घेऊ शकतो.

आणि निवाडा करणारे शासनापासून तसेच क्रीडा संघटनांपासून दूर असावेत. पदक हवे असलेलीच संस्था चाचणीही करणार असेल, तर काय होते ते क्राइशा आणि सोचीने दाखवले आहे. वाडादेखील या आक्षेपातून सुटत नाही, कारण तिचा निम्मा खर्च ऑलिंपिक चळवळ आणि निम्मा सरकारे उचलतात. २०२१ मध्ये चीनच्या २३ जलतरणपटूंच्या नमुन्यांत ट्रायमेटाझिडिन आढळूनही हॉटेलच्या स्वयंपाकघरातील दूषणाचे स्पष्टीकरण स्वीकारले गेले आणि तीन वर्षे ते कोणाला कळलेही नाही, यामुळे तिच्यावरचा विश्वास बराच ढळला. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायद्यातही शासनाचा हस्तक्षेप होऊ शकतो असे वाडाने म्हटले, म्हणून २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हायची आहे आणि २०३६ च्या ऑलिंपिकची इच्छा आपण कळवली आहे. त्या स्पर्धांत धावणारी मुले-मुली आज शाळेत आहेत. बंदी असलेल्या द्रव्यांची यादी मराठीत, औषधांच्या बाजारातील नावांसह, प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयात आणि तालमीत लागावी, आणि शिबिरात खेळाडूला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक गोळीची नोंद देणाऱ्याच्या सहीसह ठेवली जावी, ही मागणी मी आमच्या पंच संघटनेच्या पुढील बैठकीत लेखी मांडणार आहे.